वार बघून युरोप: पाच रजा, नऊ दिवस, तीन शहरं

युरोपची पहिली सहल बहुतेक जण नकाशा पुढ्यात घेऊन ठरवतात. पॅरिस, स्वित्झर्लंड, जमलं तर रोम, आणि ॲमस्टरडॅम राहिलं म्हणून हळहळ. नकाशाआधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढावं. सोमवार ते शुक्रवार पाच रजा आणि दोन्ही टोकांचे शनिवार-रविवार धरले की हाताशी नऊ दिवस येतात. एवढ्यात तीन शहरं नीट होतात, तीही एकाच रेल्वेमार्गावरची असली तर. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट हा तसा मार्ग आहे. प्रागला उतरायचं, बुडापेस्टहून विमान पकडायचं, मधे एक गाडी चार तासांची आणि एक पावणेतीन तासांची. आल्या वाटेने परत जाण्यात दिवस फुकट जात नाही. तिकीट काढताना 'राउंड ट्रिप' सोडून 'मल्टी सिटी' निवडायचं, एवढंच.

आता वार. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, म्हणून व्हिएन्ना मंगळवार ते गुरुवार. प्रागमधली सिनगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, शनिवारी बंद, म्हणून ती रविवारी. तिथलं किल्ल्यातलं कॅथीड्रल रविवारी दुपारपर्यंत प्रार्थनेसाठी राखलेलं, म्हणून ते सोमवारी. बुडापेस्टचा मोठा बाजार रविवारी बंद, म्हणून तो शनिवारी. हे कोडं एकदा सुटलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. सुट्ट्याही बघाव्यात: चेक लोकांच्या २८ सप्टेंबर आणि २८ ऑक्टोबर, हंगेरीची २३ ऑक्टोबर, ऑस्ट्रियाची २६ ऑक्टोबर. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा या सगळ्यांच्या मधे मोकळा सापडतो. तेव्हा उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, झाडं पिवळी झालेली असतात आणि थंडी पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेइतकी, फक्त दिवसाही ती फारशी हटत नाही. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ तीन थर आणि वर पाऊस अडवणारं काहीतरी बरं.

निघण्याआधी: व्हिसा, पैसे, खाऊ

शेंगेन व्हिसा या तिन्ही देशांत एकच चालतो. त्याचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे करायचा. आपल्या बेतात प्राग तीन रात्री, व्हिएन्ना दोन, बुडापेस्ट तीन, म्हणजे बरोबरी. बरोबरीत पहिला प्रवेश जिथे होतो तो देश धरतात. आखातात विमान बदलून थेट प्रागला उतरलं तर अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे. फ्रँकफर्टमार्गे जाणार असाल तर पासपोर्टची तपासणी जर्मनीतच होते आणि हा हिशेब पत्रात समजावत बसावं लागतं. त्यापेक्षा प्रागची एक रात्र वाढवून मोकळं व्हावं.

प्रौढांसाठी फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण शंका आली तर ४५ पर्यंत. खरी अडचण कागदांची नसते, अपॉइंटमेंटची असते. म्हणून क्रम असा: आधी अपॉइंटमेंट, मग रद्द करता येतील अशी हॉस्टेलं, मग विमा, आणि विमानाचं तिकीट बदलण्याची सोय असलेलं. विम्यात किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन पानं कोरी असलेला.

नव्याने नोकरीला लागलेल्यांचा अर्ज अडतो तो बहुधा बँकेच्या उताऱ्यावर. अर्जाच्या आठवडाभर आधी वडिलांनी खात्यात दोन लाख टाकले की शिल्लक छान दिसते आणि संशयही तिथेच येतो. घरचे खर्च करणार असतील तर सरळ तसं पत्र, त्यांचा उतारा आणि आयकर विवरण जोडावं. नोकरी असेल तर रजा मंजूर असल्याचं आणि अमुक तारखेला रुजू होणार असल्याचं कंपनीचं पत्र. कॉलेजात असाल तर बोनाफाइड.

व्हिसा आला की स्टिकर तिथेच वाचायचं. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात: 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' आणि 'मुक्कामाचे दिवस'. तारखांची खिडकी मुक्कामापेक्षा मोठी असते, पण मोजायचे ते दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. आठ रात्री म्हणजे नऊ दिवस. अर्जात आठ लिहिणारे लोक असतात.

तीन देश, तीन चलनं: चेक कोरुना, युरो, हंगेरियन फॉरिंट. आपल्याकडच्या बऱ्याच फॉरेक्स कार्डांवर कोरुना आणि फॉरिंट भरताच येत नाहीत. मग पैसे युरोतून कापले जातात आणि वर रूपांतराचं शुल्क लागतं. हे शुल्क किती, ते कार्ड घेतानाच विचारावं. बँकेचं नेहमीचं कार्ड नेणार असाल तर ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार चालू करावेत, ते बंद ठेवलेले असतात. रोख शंभर-दीडशे युरो पुरतात. यूपीआय विसरा.

खाऊची बॅग भरताना आईला एक नियम सांगावा लागतो: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, श्रीखंडाच्या वड्या घरीच. भडंग, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालिपिठाची भाजणी चालते. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं, पण केळी, नारळ, अननस आणि खजूर यांना त्यातून सूट आहे. नारळ घेऊन कोणी प्रागला जाणार नाही, पण नियम आहे खरा.

मोबाइलच्या चार्जरची दोन गोल पिनांची खुंटी तिथल्या भोकात तशीच बसते. लॅपटॉपची तीन पिनांची बसत नाही, त्याला ॲडाप्टर हवा. सिम प्रागला घेतलं तर तेच ऑस्ट्रिया-हंगेरीत चालतं.

दिवस १, शनिवार: प्राग

मुंबईहून पहाटे निघालेलं विमान आखातात बदलून दुपारी प्रागला पोचतं. तिकडची घड्याळं ऑक्टोबरात साडेतीन तास मागे, शेवटच्या रविवारनंतर साडेचार. पासपोर्टच्या रांगेला वेळ लागतो, कारण १२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद सुरू झाली आणि पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेतात. हॉस्टेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. अधिकारी मागतो तेव्हा विमानतळाचं वायफाय चालेलच असं नाही.

बाहेर ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस उभी असते. ती नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्टेशनला सोडते, तिथून हिरवी ए लाइन थेट जुन्या शहरात. तिकीट अंतरावर नसून वेळेवर असतं, नव्वद मिनिटांचं घ्यावं. आणि इथेच पहिला दणका बसतो. तिकीट काढलं म्हणजे काम झालं अशी आपली समजूत. इथे ते पिवळ्या पेटीत सारून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते, 'टक्' असा आवाज येतो. न उमटवलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, हातातला बिल्ला दाखवतात आणि 'माहीत नव्हतं' हे उत्तर त्यांनी दिवसातून चाळीस वेळा ऐकलेलं असतं. ट्रामच्या आतल्या मशीनवर कार्ड टेकवून काढलेलं तिकीट मात्र उमटूनच येतं, ते पुन्हा पेटीत घालायचं नाही.

जुन्या शहरात फरशी नाही, दगडी चिरे आहेत. ट्रॉली बॅगेचं चाक तिथे पहिल्याच दिवशी निखळतं. चाळीस लिटरची सॅक पुरते. हॉस्टेलात लॉकर असतो पण कुलूप आपलं लागतं. दादर स्टेशनबाहेरचं छोटं पितळी कुलूप इथे लाखमोलाचं. सामायिक खोलीतली खाट साधारण २५ ते ४० युरो, वर शहराचा कर, तो काही ठिकाणी रोख मागतात.

पहिल्या संध्याकाळी झोपायचं नाही, नऊपर्यंत चालत राहायचं. कोपऱ्याकोपऱ्यावरची किराणा दुकानं, 'वेचेर्का', उशिरापर्यंत उघडी असतात आणि बहुतेक व्हिएतनामी कुटुंबांची असतात. समाजवादी काळात कारखान्यांत कामाला आणि शिकायला आलेल्या लोकांची ही मुलं-नातवंडं. गल्ल्यावरची मुलगी गिऱ्हाइकाशी झोकात चेक बोलते आणि आतल्या आजीशी व्हिएतनामी. त्यांच्याच खानावळींत टोफूच्या शेवया मिळतात. शाकाहारी माणसाचं पहिलं गरम जेवण बहुधा हेच.

दिवस २, रविवार: पूल आणि भिंती

शरीराचं घड्याळ अजून मुंबईचं, त्यामुळे पाचलाच जाग येते. याचा फायदा घ्यावा. साडेसहाला चार्ल्स पुलावर नदीची वाफ, दिवे अजून पेटलेले आणि माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दहाला इथे लक्ष्मी रोडची दसऱ्याआधीची गर्दी असते. पूल ५१६ मीटर, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. चौथ्या चार्ल्स राजाने पाया घातला १३५७मध्ये, आणि सांगतात ते असं की ज्योतिष्यांनी मुहूर्त काढला ९ जुलै, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. साल, तारीख, महिना, वेळ ओळीने लिहा: १-३-५-७-९-७-५-३-१. विषम आकडे चढत जातात आणि तसेच उतरतात. मुहूर्त खरा की मागाहून जुळवलेला हे बाजूला ठेवू, पण पंचांग फक्त आपल्याकडेच बघतात असं नाही.

तिथून जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ. ते १४१०चं. तासाला सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. सगळं मिनिटभराच्या आत. लोकांचं लक्ष वर खिडक्यांकडे लागलेलं असतं आणि खिसेकापूंचं लोकांच्या सॅककडे. सॅक पोटावर घ्यावी.

दुपार ज्यू वस्तीला द्यावी, घाईने नको. एका तिकिटात बरीच ठिकाणं येतात, पण पिंकास सिनगॉग आधी. आत मूर्ती नाही, चित्रं नाहीत. भिंतींवर छतापर्यंत हाताने लिहिलेली नावं आहेत, नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियातल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची. आडनाव लाल अक्षरांत, मग नाव, जन्मतारीख आणि शेवटची माहीत असलेली तारीख. एका आडनावाखाली चार-पाच नावं असतात आणि शेवटची तारीख सगळ्यांची एकच. लोक आत शिरताना बोलत असतात, बाहेर येताना बोलत नाहीत.

संध्याकाळी वेन्सेस्लास चौकात 'बाटा'ची १९२९ सालची काचेची इमारत दिसते. शाळेच्या पहिल्या दिवसाचे काळे बूट ज्यांनी घेतले त्या प्रत्येकाला बाटा देशी वाटत आलेला आहे. तो मूळचा इथल्या झ्लीन गावचा, १८९४चा.

याच चौकात "चेंज? चेंज?" करत माणसं जवळ येतात. रस्त्यावर नोटा बदलल्या की हातात दुसऱ्याच देशाच्या जुन्या नोटा येतात. अधिकृत दुकानातही 'कमिशन शून्य' या पाटीला भुलू नये, खरेदीचा दर विचारावा. फसलात तर चेक कायद्याने हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. पावती टाकू नका. एटीएम बँकेच्या इमारतीला लागून असलेलंच निवडावं. ते 'तुमच्या चलनात पैसे कापू का?' असं विचारतं, उत्तर कायम नाही. रुपयांत कापून घेणं सोयीचं दिसतं आणि दर त्यांच्या मनाचा लागतो. हाच प्रश्न दुकानातल्या कार्ड मशीनवरही येतो.

दिवस ३, सोमवार: किल्ला, मग थालिपीठ

२२ नंबरची ट्राम चढाव टाळून किल्ल्याच्या मागच्या बाजूला सोडते. आवार फुकट, इमारतींना तिकीट. सेंट व्हिटस कॅथीड्रलचं काम १३४४ला सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ला. नऊला दार उघडताच आत गेलं तर रंगीत काचांतून येणारा उजेड माणसांच्या डोक्यांऐवजी जमिनीवर पडलेला दिसतो.

जेवायला किल्ल्याच्या खाली उतरू नये, उलट देयवित्सेकडे जावं. तांत्रिक विद्यापीठाचा भाग, विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणाऱ्या खानावळी आणि एका रस्त्याचं नाव 'थाकुरोव्हा': रवींद्रनाथ ठाकुरांचा रस्ता. 'पोलेद्नी मेनू' ही पाटी शोधायची, म्हणजे दुपारची थाळी. ती कामाच्या दिवशीच असते, साधारण अकरा ते दोन. शाकाहारींनी तीन शब्द पाठ करावेत. 'स्माझेनी सीर': पाव इंच जाड चीज, वरून ब्रेडचुरा, तळलेलं, सोबत बटाटे. 'कुलाय्दा': मशरूम, बटाटा आणि शेपूचं आंबटसर पांढरं सूप, वर अंडं. शेपू नावडती असेल तरी घ्यावं. आणि 'ब्रामबोराक': किसलेल्या बटाट्याचं, लसूण घातलेलं, तव्यावर खरपूस केलेलं. हे थालिपिठाचं सख्खं भावंड आहे, फक्त भोक नाही आणि लोण्याचा गोळा नाही. सूप मांसाच्या पाण्यावरचं असू शकतं, त्यामुळे "बेझ मासा?" हे विचारून घ्यावं. टेबलावर आधीच ठेवलेल्या पावाचे पैसे लागू शकतात आणि पाणी फुकट येत नाही.

दिवस ४, मंगळवार: गाडी

प्रागच्या मुख्य स्टेशनात फलकावर फलाटाचा आकडा दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो, तोवर सगळे मान वर करून उभे. त्या वेळात वरच्या मजल्यावरचा जुना घुमट बघावा, आणि पहिल्या फलाटावरचा निकोलस विंटन यांचा पुतळा. १९३९मध्ये याच स्टेशनातून ६६९ मुलं नाझींपासून वाचवून ब्रिटनला सुखरूप पोचवण्यात त्यांचा वाटा होता.

या मार्गाची तिकिटं विमानासारखी: लवकर काढली तर निम्म्याहून स्वस्त, पण त्याच गाडीला बांधलेली. गाडी चुकली की पैसे गेले. काही स्वस्त तिकिटांत बसायची जागा येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. डब्याचा क्रमांक तपासावा, नाहीतर सामानासह सात डबे चालणं आलं. गावांची नावं देशागणिक बदलतात: व्हिएन्ना जर्मनमध्ये 'वीन', चेकमध्ये 'व्हीडेन', हंगेरियनमध्ये 'बेच'. हे माहीत नसलं तर योग्य गाडीसमोर उभं राहून ती सुटताना बघायची वेळ येते. सरहद्दीवर एरवी कोणी विचारत नाही, पण पासपोर्ट हाताशी हवा.

संध्याकाळी ऑपेरा. १८६९पासूनच्या या नाट्यगृहात उभ्याने बघायची तिकिटं पंधरा-वीस युरोच्या आत मिळतात, त्याच दिवशी सकाळी दहापासून ऑनलाइन, उरलेली खेळाआधी खिडकीवर. गाडीतूनच काढावीत. आत गेल्यावर जागा धरायची रीत आपल्या एसटीतल्या रुमालासारखीच आहे: समोरच्या दांड्याला मफलर बांधायचा आणि खुशाल बाहेर फिरून यायचं. परत येईपर्यंत मफलरला कोणी हात लावत नाही. शेजारी बहुधा एखादे पेन्शनर आजोबा असतात, आठवड्यातून तीनदा येणारे. ते आधी मफलरची गाठ तपासतात, मग पडद्याआधीच कथानक सांगून टाकतात. दांड्यावरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी शब्द उमटतात. पायांत बूट मऊ हवेत, तीन-साडेतीन तास उभं राहायचं असतं. चालू नाटकात निघून जाऊ नये, मध्यांतरात जावं.

दिवस ५, बुधवार: व्हिएन्नाची कॉफी

सकाळी शोनब्रुनच्या बागा. महालाला तिकीट आहे, बागेला नाही. टेकडीवरच्या ग्लोरिएट या मंडपापर्यंत चढून मागे वळलं की शहर दिसतं. १,४४१ खोल्यांतल्या चाळीस बघायला तिकीट काढायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. नऊ दिवसांच्या सहलीत काढू नये, असं माझं मत.

बाटलीबंद पाणी विकत घेणं हा इथे निव्वळ अपव्यय. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, पहिली वाहिनी १८७३ची, दुसरी १९१०ची, आणि ते थंडगार असतं.

दुपार कॉफीहाउसात घालवावी. इथे घाई हाच अपमान. काळ्या कोटातला वेटर, त्याला 'हेर ओबर' म्हणायचं, लगबगीने येत नाही, हसत तर नाहीच. सवाई गंधर्वाच्या मंडपात मध्येच उठणाऱ्याकडे जाणकार जसे बघतात तसा बघतो. 'मेलांज' मागितली की थोड्या वेळाने चांदीसारखा छोटा ट्रे येतो. त्यावर फेसाची कॉफी, शेजारी पाण्याचा पेला आणि पेल्याच्या तोंडावर पालथा ठेवलेला चमचा. पाणी संपलं तर न मागता दुसरा पेला येतो, आणि एका कॉफीवर तीन तास बसलं तरी कोणी बिल आणून आदळत नाही. काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं, बाजूला दोन बायका कुजबुजतायत, आणि बिल हवं असेल तर आपणच मागायचं. बिलात टीप म्हणून दहा टक्क्यांच्या आसपास धरून 'एवढे घ्या' असं सांगायचं, टेबलावर नाणी सोडून निघायचं नाही. साखरटोर्टेबद्दल एक शब्द: जर्दाळूच्या मुरंब्याचा थर असलेला हा चॉकलेट केक कोरडा लागतो. तो सोबतच्या क्रीमला लावून खायचा असतो.

दिवस ६, गुरुवार: ७१ नंबर

सकाळी ७१ नंबरची ट्राम मध्यवर्ती दफनभूमीला जाते. बेथोवन, शूबर्ट आणि ब्राम्स हे संगीतकार तिथे एकमेकांच्या शेजारी. कोणी वारलं की व्हिएन्नाचे लोक म्हणतात, 'त्याने ७१ पकडली'. पुणेकरांना वैकुंठाचा बोर्ड लावलेली बस डोळ्यांपुढे येईल. त्याऐवजी चित्रं बघायची असतील तर कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात चित्रकार ब्रॉयगलची खोली, त्यात 'बर्फातले शिकारी' आणि 'बाबेलचा मनोरा' ही चित्रं. संग्रहालयांत विद्यार्थ्यांना सवलत असते, पण वयाची अट बहुधा २५-२६ची, आणि कॉलेजचं ओळखपत्र मराठीत असून भागत नाही. दोन्ही गोष्टी अर्ध्या करण्यापेक्षा एक पुरी करावी.

दुपारची गाडी, संध्याकाळी बुडापेस्टचं केलेती स्टेशन.

दिवस ७, शुक्रवार: पाण्यात बुद्धिबळ

सेचेनी स्नानगृहाला शुक्रवारी जावं, तेही सकाळी लवकर. तिथे नेणारी एम१ मेट्रो १८९६ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत जुनी भुयारी मेट्रो. छोटे पिवळे डबे, पांढऱ्या टाइलची स्टेशनं, पायऱ्या उतरलं की लगेच फलाट. इथेही तिकीट उमटवायचं, आणि सुट्टं तिकीट मेट्रोतून उतरून ट्राम किंवा बसमध्ये चालत नाही. ७२ तासांचा पास घेऊन डोकेदुखी संपवावी.

स्नानगृह १९१३चं, पिवळं, राजवाड्यासारखं. चप्पल आणि टॉवेल आपले न्यावेत, तिथे भाडं जड. मनगटावरच्या पट्ट्याने लॉकर उघडतो. बाहेर हवा आठ अंश, पाणी अडतीसच्या घरात, वाफेत समोरचा माणूस पुसट. त्या वाफेत छातीभर पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळत असतात. डाव पाण्याच्या काठावरच्या दगडी पटावर, भोवती बघे, आणि प्रत्येक बघ्याला पुढची चाल माहीत. पारावरचं दृश्य, फक्त सगळे ओले. वीस मिनिटांनी बाहेर येऊन पाणी प्यावं, नाहीतर चक्कर येते. गेलर्टचं नाव जुन्या यादीत असेल तर खोडा, ते २०२५च्या ऑक्टोबरपासून नूतनीकरणासाठी बंद आहे.

भूक सडकून लागते. 'एतकेझ्दे' म्हणजे साधी खानावळ. तिथे 'फोझेलेक' मागावं: पालक, मटार, भोपळा किंवा मसूर शिजवून पिठाने दाट केलेली पातळ भाजी. मसुराची खाल्ली तर आपली आमटीच कुणीतरी मोहरीची फोडणी विसरून केली असं वाटतं. वर मांसाचा तुकडा नको असं आधी सांगावं.

दुपारी संसद भवन. युरोपीय संघाबाहेरच्यांना तिकीट महाग आणि ते आठवडे आधी संपतं. घुमट ९६ मीटर, शहरातल्या मोठ्या बॅसिलिकाचाही ९६, कारण मॅग्यार, म्हणजे हंगेरियन, लोक या प्रदेशात आले ते ८९६मध्ये असं मानतात. तिथून नदीकाठाने दक्षिणेला गेलं की काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड दिसतात. १९४४-४५मध्ये ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं. एका लहान बुटात कोणीतरी चॉकलेट ठेवून गेलेलं असतं. अंधार पडल्यावर २ नंबरची ट्राम पकडावी. बोटीच्या सफरीतून जे दिसतं त्यातलं बरंचसं हिच्या खिडकीतून पासात दिसतं.

दिवस ८, शनिवार: बाजार आणि टेकडी

१८९७चा मोठा बाजार शनिवारी दुपारीच आवरतो, सकाळी जावं. खाली पाप्रिका: 'एदेश' गोड, 'चिपोश' तिखट. आपल्या जिभेला चिपोशही ब्याडगीइतकीच. वरच्या मजल्यावर लांगोश. ओलसर पिठाचा गोळा हाताने ताणून मधे पातळ, कडेला जाड करतात आणि खोल तेलात सोडतात. फुगला की काढून त्यावर लसणाचं पाणी, आंबट साय आणि चीजचा कीस. साधा, एवढाच मागावा. वरच्या सजावटीची यादी वाढते तसं बिल दुप्पट होतं. 'लांग' म्हणजे ज्वाळा, पूर्वी भाकरीच्या भट्टीत तोंडाशी भाजायचे त्यावरून हे नाव.

हंगेरियनमध्ये नाव आडनावापासून सुरू होतं, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. आणि खिशाला म्हणतात 'झेब', हिंदीतली जेब. 'झेबतोल्वाय' म्हणजे खिसेकापू. स्टेशनातल्या घोषणेत एवढा एक शब्द ओळखता आला तरी हात आपोआप खिशावर जातो.

संध्याकाळी बुडाच्या टेकडीवर, मच्छीमारांच्या बुरुजावर. रात्री वरच्या सज्जाला तिकीट लागत नाही. खाली डॅन्यूब, पलीकडे दिवे. अमृता शेरगिल यांचा जन्म याच शहरातला, १९१३चा.

दिवस ९, रविवार

ज्यू वस्तीतल्या काझिन्सी रस्त्यावर सिम्प्ला केर्ट या पडक्या वाड्यातल्या बारमध्ये रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आदल्या रात्रीच्या ग्लासांच्या जागी चीज, मध आणि लोणची. मधाची बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही, शंभर मिलीचा नियम त्यालाही लागू. पाप्रिकाची पुडी चालते.

देआक फेरेन्स चौकातून १००ई बस थेट विमानतळाला जाते. ७२ तासांचा पास तिला चालत नाही, वेगळं तिकीट लागतं, आणि हे लोकांना दारात कळतं. दुपारच्या विमानासाठी चार तास आधी निघावं. उरलेल्या नोटा बदलता येतात, नाणी कोणी घेत नाही. त्यांचं 'तुरो रुडी' घ्यावं: आत गोडसर चक्का, वर चॉकलेटचा पातळ थर, आकार पेनाएवढा. फ्रिजबाहेर टिकत नाही, तेव्हा विमानाच्या दारापर्यंत पोचण्याआधी संपवून टाकायचं.